सत्तर डॉलरचा गेम, एकशे दहाची एडिशन

पत्राचा सारांश: "आम्ही चार जुने मित्र दर शनिवारी रात्री ऑनलाइन एकत्र खेळतो. पुढच्या महिन्यात एक नवा को-ऑप गेम (सगळ्यांनी एकाच बाजूने मिळून खेळायचा) येतोय. साधी आवृत्ती ७० डॉलरला, अल्टिमेट एडिशन ११० ला. अल्टिमेटमध्ये तीन दिवस आधी प्रवेश, वर्षभराचा सीझन पास (पुढे येणाऱ्या जादा मजकुराची आगाऊ खरेदी) आणि काही स्किन (पात्रांचे नवे पोशाख) आहेत. तिघांचं अल्टिमेट घ्यायचं ठरलंय. मला मात्र ही सरळ लूट वाटते. गेमचा तुकडा कापून बाजूला ठेवायचा आणि तोच पुन्हा विकायचा! माझा मोठा भाऊ म्हणतो, महागाई धरली तर गेम पूर्वीपेक्षा स्वस्त झालेत, तू उगाच कुरकुरतोस. त्याचं गणित मला खोडता येत नाही आणि पटतही नाही. त्यात याआधी घेतलेल्या दोन सीझन पासमधलं मी काहीच उघडलेलं नाही, त्याची टोचणी वेगळीच. नाही घेतलं तर मित्र पुढे निघून जातील. घेतलं तर या सगळ्या प्रकाराला मीच खतपाणी घातल्यासारखं होईल. काय करू?"

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. गेमची किंमत रास्त आहे का, हा एक. ती तुम्ही, याच महिन्यात, याच एडिशनसाठी मोजावी का, हा दुसरा. भावाशी वाद पहिल्यावर चाललाय आणि निर्णय दुसऱ्याचा घ्यायचा आहे. भाऊ पहिल्या प्रश्नात पूर्ण बरोबर ठरला तरी दुसऱ्याचं उत्तर त्यातून निघत नाही.

तरीही त्याचं गणित आधी मांडू, कारण ते खोटं नाही. मी डॉलरमधल्या अमेरिकी किमती घेतोय, कारण तिथल्या जाहीर किमतींचा इतिहास सलग मिळतो. हिशोबाची रीत कुठल्याही चलनाला लागू पडेल. प्लेस्टेशन २ च्या काळात मोठा गेम ५० डॉलरला मिळायचा. २००५ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० आला आणि किंमत ६० वर गेली. तिथे ती पंधरा वर्षं थांबली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्ससोबत ७० झाली, आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला आणला. आता अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक लावून बघा. २००५ चे ६० डॉलर म्हणजे २०२४ चे साधारण ९५. २००१ चे ५० म्हणजे ८९ च्या आसपास. १९९५ च्या सुमारास कार्ट्रिजवरचे काही मोठे गेम ७० डॉलरला विकले जात. ती रक्कम आजच्या १४० च्या पुढे जाते. इतकंच काय, २०२० चे ७० डॉलरही २०२४ मध्ये ८४ झाले होते. म्हणजे नुसती छापील किंमत आणि महागाई एवढंच बघितलं, तर ८० डॉलरचा गेमही मागेच पडलेला दिसतो.

गणित इथपर्यंत बिनचूक आहे. अडचण आहे ती कशाची तुलना कशाशी चाललीय यात. १९९५ च्या कार्ट्रिजवर जे होतं ते सगळं त्या ७० डॉलरमध्ये आलं होतं. आजचे ७० डॉलर ही सर्वांत खालच्या पायरीची किंमत आहे. ६० चा आकडा आला तो २००५ च्या शेवटी, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' या गेमसाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला आलं. लोक तेव्हा चिडले, पण ते विकलं गेलं. जाहीर किंमत गोठलेली होती ती पंधरा वर्षं आणि डीएलसी (मूळ गेमवर वेगळा विकला जाणारा जादा मजकूर), सीझन पास, डीलक्स, अल्टिमेट हे सगळं फोफावलं तो काळ एकच आहे. मूळ किंमत वाढवली की सगळेच गिऱ्हाईक बिचकतात. म्हणून ती तशीच ठेवून जास्त देऊ शकणाऱ्यांसाठी वरच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. तेव्हा भावाला तुलना करायचीच असेल तर १९९५ च्या पूर्ण गेमची तुलना त्याने तुमच्या ११० डॉलरशी करावी. त्यातही आजचा गेम स्वस्तच निघेल, पण १४० च्या जागी ७०, म्हणजे निम्म्या किमतीत, असं म्हणता येणार नाही.

दुसरं म्हणजे, महागाईचा निर्देशांक ही शेकडो वस्तू-सेवांची सरासरी असते. एखाद्या वस्तूची किंमत त्या सरासरीबरोबर चढलीच पाहिजे असा नियम नाही. कार्ट्रिज महाग होतं कारण प्रत्येक प्रतीत मेमरी चिप असायची. डिस्क आल्यावर तो खर्च जवळपास नाहीसा झाला, आणि डाउनलोडमध्ये पुढची एक प्रत बनवायला काहीच लागत नाही. उलट बाजूने, पहिली प्रत बनवण्याचा खर्च आकाशाला भिडलाय. २०२३ मध्ये न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' ला सुमारे २१ कोटी डॉलर लागले. पण गिऱ्हाईकही खूप वाढलंय. 'द विचर ३' च्या ५ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. पहिल्या प्रतीचा खर्च प्रचंड आणि पुढच्या प्रतीचा शून्य, अशा धंद्यात किंमत ठरते ती किती लोक किती द्यायला तयार आहेत यावर. उत्पादन खर्चातून थेट निघालेली 'खरी किंमत' इथे नसतेच. म्हणून महागाईचा दाखला देऊन किंमत रास्त ठरत नाही, आणि 'डाउनलोडला खर्च तो काय' असं म्हणून ती लूटही ठरत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या खिशाची. मालाची महागाई सगळ्यांना सारखी मोजली जाते, पगार सगळ्यांचे सारखे वाढत नाहीत. तुमच्या हातात पडणारी महिन्याची रक्कम कामाच्या तासांनी भागा. समजा तासाला १० डॉलर आले, तर ७० चा गेम म्हणजे सात तासांचं काम आणि ११० ची एडिशन म्हणजे अकरा. हाच भागाकार पाच वर्षांपूर्वीच्या पगारावर आणि तेव्हाच्या किमतीवर करून बघा. तासांचा आकडा वाढला असेल, तर गेम तुमच्यासाठी महागलाय, देशाचा निर्देशांक काहीही सांगो. माझ्या मते भावाशी बोलताना हा एकच आकडा पुरेसा आहे.

आणखी एक. लाँचच्या दिवशीची किंमत ही त्या गेमची आयुष्यातली सर्वांत मोठी किंमत असते. मोठ्या प्रकाशकांचे बहुतेक गेम वर्षभरात ठळक सवलतीत येतात. अपवाद आहेत, आणि ते आधी माहीत असलेले बरे. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं जवळपास मूळ किमतीलाच राहतात. 'फॅक्टोरिओ' कधीच सेलमध्ये येत नाही. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी महागाईचं कारण उघडपणे सांगून किंमत ३० वरून ३५ डॉलर केली. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते: एक किंमत, एक कारण, सगळं समोर. बाकीच्यांच्या बाबतीत थांबणाऱ्याला स्वस्त तर मिळतंच, बऱ्याचदा चांगलंही मिळतं. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतक्या कच्च्या अवस्थेत आला की प्लेस्टेशनच्या दुकानातून तो सुमारे सहा महिने काढून टाकला होता. सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचनंतर तोच गेम कितीतरी सुधारला. पूर्ण पैसे दिलेल्यांनी अर्धवट गेम खेळला आणि थांबलेल्यांनी कमी पैशांत पूर्ण झालेला.

आता तुमच्या 'कापून विकतात' या समजुतीकडे वळू. ती काही वेळा खरी असते, पण दरवेळी नाही. गेम तयार होताना एका टप्प्यावर नवा मजकूर भरणं बंद होतं. त्यापुढचे महिने चुका काढण्यात, कन्सोल कंपन्यांच्या तपासणीत आणि वितरणाच्या तयारीत जातात. चित्रकार आणि लेव्हल रचणारे त्या काळात रिकामे असतात, म्हणून त्यांना डीएलसीवर लावलं जातं. त्यामुळे डीएलसी लाँचच्या दिवशीच विक्रीला आलं, एवढ्यावरून ते मूळ गेममधून काढलंय असं म्हणता येत नाही. दुसऱ्या टोकाला 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' आहे. २०१२ मध्ये त्याच्या डिस्कवर बारा पात्रं आधीच भरलेली होती आणि ती उघडायला वेगळे पैसे मागितले गेले. तेव्हाचा लोकांचा राग रास्तच होता.

कोण कधी बसून काय बनवत होतं, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. कळू शकतं ते हे: मूळ गेम एकटा उभा राहतो का? ते तपासायला ज्यांच्याकडे डीएलसी नाही अशांचे अभिप्राय वाचा, लाँचनंतर आठवडाभराने. त्यात तीन गोष्टी शोधा. कथेचा शेवट मूळ गेममध्ये आहे का. सेव्हच्या जागा, सामानाची जागा, नकाशे अशा मूलभूत सोयींसाठी पैसे मागितलेत का. आणि खेळताना अधूनमधून कुलूप लावलेली दारं, 'हे फक्त पासधारकांसाठी' असे फलक समोर येतात का. तिसरी गोष्ट अनेकजण किरकोळ मानतात. मी मानत नाही, कारण जिथे दुकान गेमच्या आत शिरतं तिथे गेमचा वेग दुकानाच्या सोयीने ठरू लागतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये 'एक्सपी बूस्टर' (पात्राची प्रगती वेगाने करून देणारी वस्तू) विकायला ठेवलेला दिसला, तर प्रगती मुद्दाम संथ केली असण्याची शक्यता धरून चाला.

आता तुमचे वरचे ४० डॉलर. ते एकत्र बघू नका, सुटे करा. दुकानाच्या पानावर एडिशनची तुलना असते. कागदावर तिची प्रत्येक ओळ लिहा आणि समोर लिहा, 'हे वेगळं विकायला असतं तर मी किती दिले असते?' स्किनपुढे बहुतेकांचा आकडा शून्य येतो. संगीत आणि आर्टबुकपुढेही. तीन दिवस आधीच्या प्रवेशाचं म्हणाल तर तो नवा मजकूर नव्हेच. बाकीच्यांना तीन दिवस थांबवून तयार केलेली ती गोष्ट आहे. त्यातही सर्व्हर सर्वांत डळमळीत असतात ते याच दिवसांत. आणि तुमचा कट्टा शनिवारी भरतो! गेम मंगळवारी सगळ्यांसाठी खुला होणार असेल तर अल्टिमेटवाल्यांना जेमतेम एक शनिवार जास्त मिळेल. शुक्रवारी खुला होणार असेल तर तोही नाही. तारीख तपासा.

उरला सीझन पास. तो घेणं म्हणजे अजून न बनलेल्या वस्तूचे पूर्ण पैसे आधी देणं. हातात यायला वर्ष लागणार असेल, तर आगाऊ देण्याच्या बदल्यात घसघशीत सूट मिळायला हवी. ती मिळतेच असं नाही. 'स्टारफील्ड' चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये साधी आवृत्ती ७० डॉलर आणि प्रीमियम १०० डॉलर होती. प्रीमियममध्ये पाच दिवस आधी प्रवेश, स्किन, आर्टबुक-संगीत आणि पहिल्या विस्ताराचं आश्वासन. तो विस्तार, 'शॅटर्ड स्पेस', वर्षभराने ३० सप्टेंबर २०२४ ला आला आणि सुटा ३० डॉलरलाच मिळत होता. म्हणजे ज्याला फक्त विस्तार हवा होता त्याने वर्षभर आधी पैसे देऊन एक डॉलरही वाचवला नाही. थांबला असता तर अभिप्राय वाचून, घ्यायचा की नाही हे तरी ठरवता आलं असतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने नोव्हेंबर २०२४ पासून सीझन पाससाठी नियम घातलाय: पासमध्ये काय-काय येणार आणि साधारण कधी, हे विक्रेत्याने पानावर लिहायला हवं, आणि त्यातलं काही रद्द झालं तर परताव्याची सोय द्यायला हवी. तुमच्या पासचं वर्णन त्या पानावर वाचा. 'आणखी रोमांचक मजकूर' यापलीकडे काही लिहिलेलं नसेल तर पैसे देऊ नका.

डीएलसी सरसकट वाईट, असा अर्थ मात्र काढू नका. 'द विचर ३' चा 'ब्लड अँड वाइन' हा २० डॉलरचा विस्तार, 'सायबरपंक' चा ३० डॉलरचा 'फँटम लिबर्टी', ४० डॉलरचा 'शॅडो ऑफ द एर्डट्री' ही सगळी सशुल्क जादा मजकुराचीच उदाहरणं आहेत, आणि त्यांत स्वतंत्र गेमइतका ऐवज आहे. असा विस्तार घेताना एकच गोष्ट बघायला लोक विसरतात: आत शिरायला काय लागतं. 'शॅडो ऑफ द एर्डट्री' सुरू करायला मूळ 'एल्डन रिंग' मधले रादान आणि मोह हे दोन बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, हरवावे लागतात, आणि मोहपर्यंत पोहोचायलाच कित्येकांना डझनावारी तास लागतात. मूळ गेम अर्ध्यावर सोडलेल्याने हा विस्तार सवलतीत घेतला तरी ते पैसे वाया. तुमचे दोन पास याच कारणाने न उघडता पडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून एक नियम करा: मूळ गेमची श्रेयनामावली पडद्यावर येईपर्यंत त्याचं कुठलंही डीएलसी घ्यायचं नाही. तोवर मन भरलं असेल तर पैसे वाचले, नसेल भरलं तर विस्तार बहुधा एव्हाना स्वस्त झालेला असेल.

गेममधल्या चलनाबद्दल मात्र मी कडक आहे. तुमच्या गेमच्या स्किन कदाचित अशाच चलनात विकल्या जातील. घोड्याचं ते चिलखतही एक्सबॉक्सवर अडीच डॉलरला नव्हे, २०० 'पॉइंट' ला होतं. ८० पॉइंटचा एक डॉलर, आणि पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांतच मिळत. वस्तूची किंमत आणि गठ्ठ्याचा आकार सहसा जुळत नाही, थोडे पॉइंट उरतात, आणि ते उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचा गठ्ठा घेतो. यावर उपाय साधा आहे. गठ्ठ्याची किंमत भागिले त्यातली नाणी, गुणिले वस्तूची नाणी. हा आकडा खऱ्या पैशात मोठ्याने म्हणा. हवं तेवढंच चलन सुटं मिळत नसेल, तर गठ्ठ्याची पूर्ण किंमत हीच त्या वस्तूची किंमत धरा.

नशिबावरच्या खरेदीत सरासरीऐवजी सर्वांत वाईट शक्यता मोजा. 'गेन्शिन इम्पॅक्ट' मध्ये पंचतारांकित पात्र मिळण्याची जाहीर शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के आहे. ९० व्या सोडतीला ते नक्की मिळतं, पण ते हवं तेच पात्र असेल याची खात्री वाईटात वाईट स्थितीत १८० व्या सोडतीला. सोडतीला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे एकूण २८,८००. शंभर डॉलरच्या गठ्ठ्यात बोनस धरून ८,०८० क्रिस्टल येतात, आणि एका क्रिस्टलचा एक प्रिमोजेम होतो. सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर चार गठ्ठे लागतात, म्हणजे एका पात्रासाठी ४०० डॉलर. खेळून फुकट मिळणाऱ्या सोडतींनी हा आकडा कमी होतो, पण निर्णय घेताना समोर ४०० असू द्या. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या पेट्या) जुगारात धरले ते उगाच नाही.

आता मित्रांचं. 'मी मागे पडेन' ही भीती खरी आहे का, हे लाँचच्या आधी तपासता येतं. जुन्या 'कॉल ऑफ ड्यूटी' मध्ये १५ डॉलरचे नकाशे ज्याच्याकडे नसत तो त्या खेळातून बाहेर राहायचा. २०१९ पासून त्या मालिकेने नकाशे फुकट केले, कारण खेळाडू विभागले गेले की सगळ्यांचंच नुकसान होतं. को-ऑप गेममध्ये अनेकदा यजमानाकडे, म्हणजे खेळ उभा करणाऱ्याकडे, डीएलसी असलं की पुरतं. 'क्रुसेडर किंग्ज' आणि 'युरोपा युनिव्हर्सालिस' सारख्या पॅराडॉक्स कंपनीच्या गेममध्ये चौघांपैकी एकाकडे डीएलसी असलं आणि खेळ त्याने उभा केला तर चौघांना ते वापरता येतं. 'इट टेक्स टू' आणि 'स्प्लिट फिक्शन' मध्ये तर एका प्रतीवर दोघे खेळतात. दुसरा 'फ्रेंड्स पास' फुकट उतरवून घेतो. तेव्हा तुमच्या गेमच्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. यजमानाचं डीएलसी पाहुण्यांना चालतं का? चौघे वेगवेगळ्या कन्सोलवर असाल तर क्रॉस-प्ले आहे का? आणि साध्या आवृत्तीवरून अल्टिमेटला नंतर जाता येतं का, किती पैशांत? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, फरकाच्या रकमेत किंवा थोड्या जास्त. तसं असेल तर आज अल्टिमेट घ्यायचं कारणच उरत नाही.

घेताना परताव्याची खिडकी उघडी ठेवा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. ते दोन तास गेम चालू असल्यापासून मोजले जातात. शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात आणि मेनूत गेलेली वीस मिनिटंही त्यात धरली जातात. २०२४ पासून आधीच्या प्रवेशातला वेळही मोजतात. म्हणून पहिल्याच बैठकीत फ्रेम रेट, कंट्रोलर आणि मित्रांशी जोडणी एवढंच बघा, प्रस्तावना नंतर. डीएलसीसाठी वेगळी अट आहे: ते घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांहून कमी खेळलेला हवा आणि डीएलसीतली वस्तू वापरलेली नको. प्लेस्टेशनच्या दुकानात नियम याहून कडक आहे: १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड सुरू केलं की सहसा परतावा नाही. प्री-ऑर्डर केली असेल तर आपोआप डाउनलोड आधी बंद करा.

लपलेले आणखी दोन खड्डे. एका कंपनीच्या कन्सोलवर घेतलेलं डीएलसी सहसा दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर जात नाही. डिस्क एका प्रदेशाची आणि तुमचं खातं दुसऱ्या प्रदेशाचं असेल तर प्लेस्टेशनवर डीएलसी त्या डिस्कशी जुळतही नाही. दुसरा खड्डा सबस्क्रिप्शनचा. तिथे मूळ गेम मिळतो, डीएलसी बहुधा वेगळं घ्यावं लागतं, आणि गेम यादीतून गेला की विकत घेतलेलं डीएलसी मूळ गेम घेईपर्यंत निरुपयोगी. शिवाय वर्गणीही महागाईतून सुटलेली नाही: एक्सबॉक्सचा गेम पास अल्टिमेट ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत महिना २० वरून ३० डॉलर झाला. त्या दराने वर्षाचे ३६०, म्हणजे लाँचच्या दिवशीचे पाच पूर्ण किमतीचे गेम. तुम्ही एकच को-ऑप गेम वर्षभर खेळणारे दिसता. तुम्हाला एखादा महिना घेऊन गेम चाखून बघण्यापुरताच तो परवडेल.

सतत सर्व्हरवर चालणाऱ्या गेममध्ये डीएलसीला मालकी समजू नका. 'डेस्टिनी २' ने २०२० आणि २०२२ मध्ये लोकांनी विकत घेतलेल्या मोहिमाच गेममधून काढून टाकल्या. 'द क्रू' चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि गेम कुणालाच खेळता येईना. अशा गेमसाठी पुढच्या तीन महिन्यांत जेवढं वापराल तेवढ्याचेच पैसे द्या.

राहिला 'खतपाणी' चा मुद्दा. गेम घेतला म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही, पण तुम्ही काय घेता याची नोंद होते. कंपन्या रागाचे शब्द वाचतात तशा विक्रीच्या ओळीही वाचतात: साध्या आवृत्तीच्या किती, अल्टिमेटच्या किती. 'द आउटर वर्ल्ड्स २' ८० डॉलरला जाहीर झाला होता. नाराजी दिसल्यावर जुलै २०२५ मध्ये किंमत ७० वर आली. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' ने २०१७ मध्ये लाँचच्या तोंडावर आतली खरेदी बंद ठेवली ती लोक खवळल्यामुळेच. साधी आवृत्ती घेणं हेही मत देणं आहे, आणि त्यासाठी मित्रांना सोडून बसायची गरज नाही.

मित्रांना मी असं सुचवायला सांगेन: चौघांनी साधी आवृत्ती घ्यायची आणि पासचा विचार तीन महिन्यांनी. वाचलेले ४० गुणिले चार म्हणजे १६० डॉलर, त्यात चौघांना पुढचा ४० डॉलरचा एक अख्खा गेम येतो. तरीही त्यांनी अल्टिमेट घेतलं, तर घेऊ द्या; यजमान त्यांच्यातला कुणीतरी राहील. तुम्ही गेम विशलिस्टमध्ये टाका, तुमची किंमत आजच ठरवून लिहून ठेवा, आणि स्टीमडीबी किंवा डेकू डील्स या जुन्या किमती दाखवणाऱ्या साइटवर त्याच प्रकाशकाच्या मागच्या दोन गेमची किंमत किती महिन्यांनी किती उतरली ते बघा. मित्र लाँचलाच सुरू करणार असतील तर ७० द्या. एकत्र खेळण्याची किंमत त्यात आहे आणि ती योग्य आहे. दुकानातून साठवलेलं कार्ड मात्र काढून टाका आणि ठरलेल्या रकमेचं गिफ्ट कार्ड भरा, म्हणजे रात्री दोन वाजता स्किन घेणं दोन बटणांवर राहणार नाही.

आणि ते जुने दोन पास. त्यांचे पैसे गेले. आता उघडले काय, न उघडले काय, ते परत येत नाहीत. टोचणी लागते म्हणून जबरदस्तीने खेळलात तर वर वेळही जाईल. दोन्हींची मूळ कथा कुठवर आली होती ते सेव्ह फाइल उघडून बघा. एखाद्यात शेवट जवळ असेल आणि पुढे काय होतं याची अजून उत्सुकता असेल, तर तो शनिवारखेरीजच्या संध्याकाळी पुरा करा. नसेल तर दोन्ही मशीनमधून काढून टाका. नव्या गेमला शंभर जीबीहून जास्त जागा लागू शकते.